वीस पॉइंट एक

४ जानेवारी

बेडके,

तुला पोटभर आशीर्वाद आणि तुझ्या लेकीला माझ्याकडून एक हलकी टपली.

फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. अगं, एकतीस वर्षं तलावाच्या पंपाच्या खोलीत काढली आणि कान तिथेच ठेवून आलो. फोनवर तू बोलतेस, मी आपला हो हो करतो, आणि मग तुझी काकू सांगते की तू माझ्या गुडघ्याबद्दल विचारत होतीस. कागदाचं बरं असतं. कितीही हळू बोलला तरी ऐकू येतो.

काम असं आहे. आपल्या पोहण्याच्या तलावाला येत्या एप्रिलमध्ये पन्नास वर्षं होतात. कमिटी एक पुस्तिका काढते आहे. त्यात एक पान इंग्रजीत, आणि त्या पानावर एक वाक्य माझ्याविषयी. वाक्यात एक जागा कोरी सोडली आहे. सेक्रेटरी म्हणाले, "पंपकाका, तुमची पुतणी सिनेमाच्या खाली अक्षरं लिहिते ना? तिलाच विचारा, अगदी एवढ्याशा वेळाला इंग्रजीत झकास शब्द कोणता."

मी आधी स्वतःच खटपट केली. कव्हर फाटलेली ती डिक्शनरी रोज दोन पानं वाचतो, हे तुला माहीत आहेच. सध्या एलपर्यंत पोचलोय. एलच्या आत मला फ्लॅश, इन्स्टंट आणि जिफी एवढे तीन सापडले. पुढे अजून असतील. एम ते झेड तू सांग. आणि त्यातला सगळ्यात लहान कोणता तेही.

वाक्य काय आहे ते विचारू नकोस. साधंच आहे.

तुझा,
काका


१३ जानेवारी

काका,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे.

तुमच्या पत्राने मजा आली. घ्या तुमचे शब्द. मोमेंट. मिनिट. सेकंद. टिक. ट्राइस. ट्विंकलिंग. मिनिट म्हणजे तासाचा बारीक तुकडा, आणि त्या तुकड्याचा पुन्हा दुसऱ्यांदा केलेला तुकडा म्हणून सेकंद. मोमेंट पूर्वी चांगला दीड मिनिटाचा असायचा, आता त्याला काही धरबंद राहिला नाही. ट्राइस हा दोर ओढण्यावरून आला, एका हिसक्यात होतं ते. ट्विंकलिंग म्हणजे आपलं पापणी लवणं. जिफी कुठून आला कोणालाच ठाऊक नाही, बेवारस शब्द आहे. सगळ्यात लहान म्हणाल तर ट्विंकलिंग किंवा ट्राइस, पण मोजून कोणी बघितलंय?

परवा एका सिनेमात नायिका "जस्ट अ मोमेंट" म्हणून आत गेली ती अकरा मिनिटांनी बाहेर आली. मी खाली लिहिलं, "आलेच." आपल्याकडची "आलेच" म्हणणारी बाईही तेवढाच वेळ लावते.

माझ्या धंद्यात मात्र असला सैलपणा चालत नाही. एक ओळ पडद्यावर निदान एक सेकंद राहिलीच पाहिजे, नाहीतर डोळा ती पकडत नाही. मी तर फाइल पाठवण्याआधी शेवटची दहा मिनिटं तीन तीनदा बघते. साहेब म्हणतो, बाई फार काटेकोर. त्याला काय माहीत, घरात लहानपणापासून काय ऐकलंय. कालच लेक शेवटचं गणित अर्धवट टाकून उठली आणि माझ्या तोंडून आपसूक बाबांचं वाक्य गेलं, "शेवटच्या हातात ढिली पडू नकोस." ती म्हणाली, "आई, मी पोहत नाहीये."

बरं, कमिटीने मलाही निमंत्रण धाडलंय. विशेष पाहुणी, स्टेजवर तुमच्या शेजारची खुर्ची! एक दशांश सेकंदाने निवड हुकलेल्या पोरीला एकवीस वर्षांनी खुर्ची कशासाठी? तुम्ही वशिला लावलात की काय?

तुमची,
बेडकी


२२ जानेवारी

बेडके,

शब्द मिळाले. वहीत लिहून काढले आणि त्यातला एक एक तोंडात घोळवून बघितला. ट्राइस चांगला आहे. पण मला आणखी लहान हवा.

असं समज, एक माणूस आहे. समोर एक गोष्ट लख्ख दिसते आहे. डोळे ठीक, डोकं ठीक. आणि एकदम त्याचं मन जागेवरून उठून जातं. पापणी खाली जाऊन वर यायच्या आत परत येतं, पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माणसाला नंतर वाटतं की ते आपण केलंच नाही, आपल्या हाताने परस्पर केलं. एवढ्या वेळाला इंग्रजीत काही म्हणतात का? आपल्याकडे क्षण आहे, पळ आहे, निमिष आहे, पण हे सगळे शब्द मला मोठे वाटतात. सैल सदऱ्यासारखे.

सेक्रेटरी घाई करताहेत. पुस्तिका छापायला जायची आहे.

तुझी काकू म्हणते, हल्ली तुमचं जेवणात लक्ष नसतं. तिला म्हटलं, डिक्शनरी अवघड चालली आहे.

वशिला मी लावलेला नाही. ते निमंत्रण माझ्या मनाविरुद्ध गेलं आहे.

काका


२७ जानेवारी

काका,

हसण्यावारी नेऊ नका. मन जागेवरून उठून जातं, हाताने परस्पर होतं, हे असं किती वेळा झालं? तेव्हा चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, बोलताना जीभ अडखळते का? माझ्या शेजारणीच्या सासऱ्यांना अगदी असंच व्हायचं. ते म्हणायचे, "काही नाही गं, जरा हरवलो होतो," आणि नंतर डॉक्टरांनी मेंदूचं दुखणं सांगितलं.

मी काकूला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तो माणूस सकाळपासून एका बंद घड्याळाला तेल घालतोय. बंद घड्याळाला तेल घालणारा मी पहिल्यांदाच बघतेय." काका, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. शब्दबिब्द राहू देत.

बेडकी


६ फेब्रुवारी

बेडके,

डॉक्टरांकडे जाऊन आलो, काकूने ओढत नेलं. ते म्हणाले, तुमचा मेंदू तुमच्यापेक्षा तरुण आहे. म्हणजे ती पळवाटही गेली.

या पत्रासोबत एक छोटं पार्सल आहे. ते आधी उघडू नकोस. आधी हे वाच.

तुझी ती शंभर मीटरची निवड. तू पंधरा वर्षांची. पात्र ठरायला एक मिनिट वीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ हवा होता. प्रत्येक लेनला तीन टाइमकीपर, तीन स्टॉपवॉच. दोन घड्याळं जुळली तर तो वेळ धरायचा, तिन्ही वेगळी आली तर मधला. तुझ्या चार नंबरच्या लेनचा एक माणूस आला नाही. स्पर्धांत मी अधूनमधून माझं घड्याळ घेऊन उभा राहायचोच, म्हणून मला बोलावलं. मी म्हणालो, मी पोरीचा काका आहे, मला दुसऱ्या लेनला उभं करा. मुख्य टाइमकीपर म्हणाले, "तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?"

मी काठाकडे जाताना बाकावरून एका मुलीचे वडील मोठ्याने म्हणाले, "काकाच्या हातात घड्याळ आहे, आता पोरीला पोहायची तरी काय गरज." सगळे हसले. मीही हसलो. कान तेव्हा चांगले होते.

तू भिंतीला हात लावलास. आम्ही तिघांनी बटणं दाबली. पहिल्याने सांगितलं, एक मिनिट एकोणीस पॉइंट नऊ. दुसऱ्याने सांगितलं, एक मिनिट वीस पॉइंट दोन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं घड्याळ मधलं होतं, बेडके. माझं जे येईल तोच तुझा वेळ.

काटा एक मिनिट वीसच्या खुणेवर होता. बरोब्बर खुणेवर. पापणीच्या केसाइतकाही पुढे नव्हता. तू पास होतीस.

मी म्हणालो, "वीस पॉइंट एक."

घड्याळ मुठीत होतं. कोणी "बघू" म्हणालं नाही. माझ्यासारख्या माणसाला कोण म्हणणार?

लोकांनी पाठ थोपटली. स्वतःच्या पुतणीलाही सोडलं नाही, माणूस असावा तर असा. पुढच्या वर्षी मला मुख्य टाइमकीपर केलं. ज्या कामासाठी मला हाकलून द्यायला हवं होतं, त्याच कामासाठी मी मोठा झालो. प्रामाणिक दिसावं म्हणून खोटं बोललो. आता पुस्तिकेतलं वाक्य सांगतो, ते असं आहे की या माणसाने स्वतःच्या पुतणीलाही एका अमुक इतक्या वेळाची सूट दिली नाही. ती कोरी जागा त्या अमुकची आहे. आणि तुला स्टेजवर बसवणार आहेत ते त्या गोष्टीचा पुरावा म्हणून.

त्या दिवशी मी तुमच्याच घरी जेवायला होतो, आठवतं? दादा तुला म्हणाला, "शेवटच्या हातात ढिली पडलीस." तू ताटाकडे बघत राहिलीस. मी तुझ्या समोर बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी आणखी एक पोळी मागितली.

पार्सलमध्ये ते घड्याळ आहे. त्या दिवसानंतर मी ते कधी शून्यावर आणलं नाही. वरचं बटण दाबू नकोस, काटा हलेल. आधी तुझ्या डोळ्यांनी बघ.

मी लहान शब्द शोधत होतो तो एवढ्यासाठी. काहीतरी इतकं लहान हवं होतं की त्यात मी मावेन आणि कोणाला दिसणार नाही.

काका


१९ मार्च

काका,

सहा आठवडे लिहिलं नाही. मुद्दामच.

घड्याळ बघितलं. खिडकीत नेऊन बघितलं, भिंग लावून बघितलं. काटा खुणेवर आहे. लेकीने विचारलं, "हे बंद का आहे?" मी म्हटलं, "काकाआजोबांचं आहे." एवढ्या उत्तरावर तिचं भागलं. मग मी ते मोज्यांच्या खणात ठेवून दिलं, कारण टेबलावर ठेवलं की माझ्या हातून काम होईना.

माझ्या कामात पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात, म्हणजे एक दशांश सेकंदात अडीच. एक ओळ संपून दुसरी येण्याआधी मी साधारण तेवढीच मोकळी जागा सोडते. कोणाच्या लक्षातही येत नाही.

मी हरले असते तर चाललं असतं, काका. खरंच हरले असते तर. मी पुढच्या वर्षी पुन्हा उतरले असते. पण मी हरले नव्हते, ढिली पडले होते. ते वेगळं असतं. हरलेल्या माणसाला सराव करता येतो. ढिल्या माणसाने काय करायचं? मी तलाव सोडला. प्रत्येक गोष्टीचा शेवट आला की अजून मी तो तीन तीनदा तपासते. बाबा गेले तेही मला ढिली समजूनच गेले. त्यांना आता कोण सांगणार? तुम्ही?

तुम्ही म्हणता, मन एक निमिष जागेवर नव्हतं. बरं. मान्य. आणि त्याच दिवशी जेवताना? माझ्या लग्नात? बाबांच्या आजारपणात, आपण दोघं दवाखान्याच्या बाकावर चार चार तास बसायचो तेव्हा? ती एकवीस वर्षं मी कोणत्या इंग्रजी शब्दात बसवू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जिफी, ट्राइस, ट्विंकलिंग या सगळ्या शब्दांना माप नाही, म्हणून त्यात काहीही लपतं. तुम्ही टाइमकीपर आहात. शब्द कसले शोधता? आकडा लिहा. शून्य पॉइंट एक. तोच तुमच्या कोऱ्या जागेत बसतो.

कार्यक्रमाला मी येणार नाही. मी समोर बसले तर तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल, तुमचे डोळे भरून येतील, आणि सगळे तुमचेच डोळे पुसायला धावतील. बोलायचं असेल तर माझ्याशिवाय बोला. न बोलायचं असेल तर तेही तुमचं तुम्ही ठरवा.

माफ केलं असं मी लिहिलेलं नाही. पत्र पुन्हा वाचून त्यात ते शोधू नका.

गुडघा कसा आहे?

बेडकी


८ एप्रिल

बेडके,

तुझ्या पत्रात मी ते शोधलं. तीनदा. नाही सापडलं. बरोबर आहे.

कार्यक्रम रविवारी झाला. सेक्रेटरींना मी आधीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "पंपकाका, आता कशाला उकरून काढता? पुस्तिका छापून तयार आहे." त्यांनी कोऱ्या जागेत स्वतःच इन्स्टंट घातला होता. म्हणजे माझ्या एलच्या आतलाच.

ते माइकवर तुझी माझी गोष्ट सांगायला लागले तेव्हा मी उठलो. माइक मागितला. भाषण केलं नाही. फक्त आकडे सांगितले. एकोणीस पॉइंट नऊ, वीस पॉइंट दोन, आणि माझं वीस पॉइंट शून्य. मी सांगितलेलं वीस पॉइंट एक. मग म्हणालो, पोरगी पास होती, मी खोटं बोललो, कारण मला तुमची शाबासकी हवी होती. एवढं बोलून खाली बसलो. डोळे पुसायची वेळ आली नाही.

तुझ्या लेनचा पहिला टाइमकीपर पुढच्या रांगेत काठी धरून बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर होतं की!" त्याचंही बरोबर नव्हतं, पण मी वाद घातला नाही. वाद घालायचा हक्क कुठे होता?

बाकी लोक काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पहिल्यांदा वाटलं, चला, कान गेल्याचा काहीतरी उपयोग झाला. मग वाटलं, हेही लपणंच झालं. म्हणून तुझ्या काकूला म्हणालो, जे ऐकलंस ते लिहून दे, गाळू नकोस. तिने निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं. "बिचारी पोर." "एवढ्याशासाठी एवढं?" "याने आणखी किती पोरांचं असं केलं असेल?" तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. मी दुसऱ्या कोणाचं केलं नाही, बेडके. पण हे आता कोण मानणार, आणि का मानावं?

माझ्यासाठी केलेलं मानपत्र टेबलावरच ठेवून आलो. शंभर पुस्तिका मी घरी आणल्या आहेत आणि सकाळी ऊन आलं की खिडकीत बसून एकेका पुस्तिकेत तो इन्स्टंट पेनाने खोडून खाली खरे आकडे लिहितो. आज बेचाळीस झाल्या. काकू म्हणते, अक्षर सुधारतंय.

दादाच्या फोटोसमोरही उभा राहिलो होतो. बोललो. पण त्याला सांगणं फार सोपं आहे, तो काही उलट विचारत नाही.

गुडघा बरा आहे. तू विचारलंस, ती ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. तेवढी परवानगी असू दे.

काका


२९ एप्रिल

काका,

शनिवारी दुपारी येते. लेक बरोबर आहे. काकूला सांगा, फार काही करू नको. तीनला तलाव रिकामा असतो ना अजून?

घड्याळ आणते आहे. बटण मी दाबलेलं नाही. माझ्यासमोर तुम्ही दाबा.

एकवीस वर्षांत पाण्यात उतरले नाहीये. हसायचं नाही.

बेडकी


१० मे

बेडके,

तुम्ही जाऊन आठवडा झाला. घरात तुझ्या लेकीची एक चप्पल राहिली आहे, एकच. दुसरी तिने कुठे नेली देव जाणे.

तू म्हणालीस म्हणून तुझा वेळ टाइमकीपरच्या नेहमीच्या चिठ्ठीवर लिहून पाठवतो आहे. चिठ्ठी याच पाकिटात आहे. लेन चार. शंभर मीटर. बेडकी, वय छत्तीस. दोन मिनिटं चौदा पॉइंट सहा. एकच घड्याळ. खाली माझी सही.

त्या दुपारचं थोडं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला त्यात फेरफार करता येणार नाही.

मी बटण दाबलं आणि काटा शून्यावर गेला. एकवीस वर्षं जिथे होता तिथून जायला त्याला काहीच वेळ लागला नाही. तू त्याच्याकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. मग तुझ्या लेकीने काठावरून टाळी वाजवली आणि तू उडी मारलीस. पहिल्या पन्नास मीटरला तू वळलीस तेव्हा मला वाटलं, थांबेल आता. थांबली नाहीस. चेहरा लाल, श्वास फुललेला, हात पाण्यात नुसते ढकललेस. शेवटी भिंतीपाशी मात्र पूर्ण हात लांब करून लावलास. मी ते बघितलं. तेव्हाही तू तसाच लावला होतास, हे मी दादाला सांगायला हवं होतं.

तू काठ धरून वर बघितलंस आणि विचारलंस, "किती?"

मी म्हणालो, "दोन चौदा पॉइंट सहा."

लेक हसून म्हणाली, "आई, हे तर कासव!" तू हसली नाहीस. पाण्यातूनच ओला हात वर केलास आणि म्हणालीस, "बघू."

मी मूठ उघडली आणि घड्याळ तुझ्या हातावर ठेवलं. तू ते डोळ्यांजवळ नेलंस आणि अगदी सावकाश वाचलंस.

काका